इंजिनाकडे पाठ

आमच्या गावच्या शाळेत, दारावरच्या पांढऱ्या पट्टीवर, निळ्या रंगात माझं नाव लिहिलेलं होतं. नावाखाली ‘शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात गेलेला या शाळेचा पहिला विद्यार्थी’ अशी ओळ होती. गुरुजींनी स्वतः शिडीवर चढून ती रंगवली. अक्षर फार सुंदर होतं. मजकूर मात्र खोटा होता, आणि ते मला कळायला तीन वर्षं लागली.

आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडे. चार बांध्यांचं धानाचं शेत, एक बैलजोडी, आणि बाप तोंडातून शब्द काढायला रुपया मागेल असा. मी गोंदियाला मावशीकडे राहून मॅट्रिक झालो. निकाल घेऊन घरी आलो तर बाप म्हणाला, “झाला शिकून. आता चिखलात उतर.” मी उतरलो. रोवणी संपायच्या आतच एका सकाळी गुरुजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हात धू. तुला शिष्यवृत्ती मिळाली.”

गोंदियात आपल्या समाजाची एक संस्था आहे, ती दरसाल एका हुशार पोराला नागपूरला शिकवते, असं त्यांनी सांगितलं. अटी तीन होत्या. एकही वर्ष नापास व्हायचं नाही. दर महिन्याला माननीय अध्यक्षांच्या नावे सविस्तर पत्र लिहायचं, काय शिकलो, कुठं गेलो, काय पाहिलं ते सगळं. पत्र गुरुजींकडे पाठवायचं, ते पुढं पोचवतील. आणि तिसरी अट, अध्यक्षांना भेटायला कधी जायचं नाही. “दान गुप्त असावं, अशी त्यांची श्रद्धा आहे,” गुरुजी म्हणाले. मला ती अट तिन्हींत सगळ्यात थोर वाटली. बाप धुऱ्यावर मान खाली घालून बसला होता. त्याला आनंदानं बोलता येत नाही, असं मी समजलो. माणूस सोळा-सतरा वर्षांचा असला की काय काय समजतो.

दंडारीबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. शिंगाड्यांचे ढीग, जिलबीच्या कढया, लेकी-जावई, सोयरे-धायरे, आणि भरदुपारी मैदानात दंडार. ढोलकी-टाळांवर गाणं, मधेच सोंग, मधेच गोल धरून नाच. बाया दंडारीत नाचत नसत, म्हणून बाईचं काम पोरगा करायचा. दहाव्या वर्षापासून ते काम माझं होतं. आमचा शाहीर वर्षभर लोकांच्या बांधीत राबायचा आणि मंडईचे दिवस आले की राजा व्हायचा. त्यानंच मला गिरकी शिकवली. “पायानं नाई, मानेनं फिर,” हे त्याचं एकच व्याकरण. लुगडं नेसून, पायांत चाळ बांधून मी मैदानात उतरलो की माझी मायसुद्धा मला पोरगी म्हणायची. गावात कोणाला त्याची लाज नव्हती, मला तर नव्हतीच.

लाज नागपूरनं शिकवली. हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात कोणी विचारलं, कुठं निघालास, तर मी म्हणालो, “जेवाले जाऊन राहिलो.” मग महिनाभर मला बघितलं की पोरं एकमेकांना ‘जेवाले जाऊन राहिलो’ म्हणायची. मी दात-ओठ खात राहिलो. पण गॅदरिंगच्या वेळी नाचायला कोणी मिळेना, तेव्हा खोलीतल्या जोडीदारानं माझं नाव दिलं. धोब्याकडून आणलेलं कोणाच्या तरी आईचं लुगडं नेसून मी रंगमंचावर गेलो आणि दंडारीची एक लावणी नाचलो. सगळा हॉल उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ‘जेवाले’ म्हणणारे पोरगे माझ्याकडून गिरकी शिकायला आले. मी त्यांना म्हटलं, पायानं नाई, मानेनं.

त्या गिरकीनं मला जग दाखवलं. कॉलेजच्या नाट्यमंडळाबरोबर मी रायपूरला गेलो, अलाहाबादला गेलो, आणि गोंदियाहून छोट्या लाईननं जबलपूरला गेलो. त्या गाडीत मी हावरटासारखा खिडकी धरली आणि इंजिनाकडे तोंड करून बसलो. बालाघाट येईपर्यंत डोळ्यांत कोळशाचे कण जाऊन दोन्ही डोळे सुजले. शेवटी एका म्हाताऱ्या मुसाफिरानं उठवून मला समोरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, “बेटा, इंजन की तरफ पीठ करके बैठा करो. दिखेगा सब, चुभेगा कुछ नहीं.” अध्यक्षांच्या पत्रात मी ते जसंच्या तसं लिहिलं. जबलपूरच्या फलाटावर मातीच्या कुल्हडात चहा मिळतो आणि पिऊन झाला की लोक कुल्हड फोडून टाकतात, हेही लिहिलं. पत्र लिहायची मला गोडीच लागली. माझं सगळं नीट ऐकून घेणारा असा माणूस मला दुसरा नव्हता. मी मनात त्याचं चित्रही काढलं होतं: काळी टोपी, चष्मा, पांढऱ्या मिशा.

चौथ्या वर्षी मी युनियनचा सेक्रेटरी झालो. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, कागद मिळेना, पण भाषणांना तोटा नव्हता. मी भाषणात एकच गोष्ट ठासून सांगायचो, की मी खेड्यातला आहे, कोणाच्या वशिल्यानं नाही, स्वतःच्या अकलेवर शिकतो आहे. टाळ्या पडायच्या. निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हुंडा न घेण्याची शपथ. एक जाड वही आणली, वर शपथ लिहिली, आणि पहिली सही माझी. मग खोलीखोलीतून फिरलो. एकानं विचारलं, सायकल हुंड्यात धरतात का. दुसरा म्हणाला, माझं ठरलंय, पण आई-वडिलांना दुखवायचं नाही, तेव्हा माझी सही पेन्सिलनं चालेल का. मी त्यांना फार टाकून बोललो. सासऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्या माणसानं आरशात तोंड बघू नये, असंही बोललो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते अध्यक्षांना पत्रात लिहून कळवलं.

त्याच वर्षी दिवाळीला घरी आलो. चार दिवसांवर मंडई. शाहिरानं निरोप धाडला, कॉलेजात नाचतोस तर गावात कायले नाही. मी खुशीनं हो म्हटलं. मंडईच्या दिवशी मायनं स्वतःचं हिरवं लुगडं काढून दिलं. बाप सकाळपासून पाहुण्यांच्या मागे होता. चिचगडकडून एक पाटील आले होते, खूप जमिनीचे, त्यांना तो सारखा पान लावून देत होता. मला त्यात काही नवल वाटलं नाही. मंडई असतेच पाहुण्यांसाठी.

मी त्या दिवशी जन्मात नाचलो नव्हतो असा नाचलो. जबलपूरचं, अलाहाबादचं सगळं त्या मैदानात ओतलं. आमच्याकडे रीत अशी, की नाच आवडला तर पाहुणा इनाम देतो, शाहीर नाच थांबवून देणाऱ्याचं गाव आणि नातं पुकारतो, आणि मग नाचणारा त्याच्यासमोर जाऊन एक गिरकी घेतो. ढोलकी थांबली. शाहिरानं रुपया वर धरला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा पुकारा केला: “चिचगडचे पाटील, आपल्या गावचे पाहुने, यायनं आपल्या होनाऱ्या जावयाच्या नाचावर खुश होऊन रुपया इनाम देल्लन. पाटलाचा जय असो, जावईबापूचा जय असो.”

मी इकडंतिकडं पाहिलं. जावई कोण, ते शोधत होतो. मग बायांच्या घोळक्यातून हसणं उठलं आणि एक म्हातारी म्हणाली, “पाय वं माय, जवाई लुगडा नेसून हाये.” सगळं मैदान माझ्याकडे बघत हसत होतं, प्रेमानंच हसत होतं. त्यात आश्चर्य कोणाच्याही तोंडावर नव्हतं. शाहिरानं खूण केली, गिरकी घे. मी बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, तीन वर्षांपूर्वी धुऱ्यावर बघत होता तसाच. तेव्हा मला सगळं कळलं. गिरकी मी घेतली. पाय सवयीनं फिरले.

घरी आल्यावर लुगडंही न सोडता मी बापाला विचारलं, गोंदियाची संस्था कुठं आहे.

“संस्था गिंस्था काई नाई,” तो म्हणाला. “पाटलाले पोरगा नाई. एकच पोरगी. त्याले शिकलेला घरजावई पायजे होता. तो तुले शिकवते, तू परीक्षा झाली का तिकडं जाशीन. असा बोल झाला.”

“आणि मला सांगितलं काऊन नाही?”

“सांगतलो असतो तं तू गेला असतास का?”

“नसतो गेलो.”

“मंग? म्हनून नाई सांगतलो.” आणि त्यानं बैलांपुढं तणस टाकायला घेतलं. त्याच्या लेखी विषय संपला होता.

बापाचा मला राग आला, पण तो राग ओळखीचा होता. गुरुजींनी मात्र केसानं गळा कापला. ज्या माणसानं खोटं बोलल्याबद्दल मला पहिलीत ओणवं उभं केलं होतं, त्यानं तीन वर्षं माझी पत्रं हसतमुखानं पुढं धाडली. मी शाळेत गेलो. माझ्या नावाची पट्टी डोक्यावर होती. ते शांतपणे म्हणाले, “तुझ्यासारखं पोरगं चिखलात सडलं असतं. विद्येसाठी मी एक खोटं बोललो. तू पुढं कशासाठी बोलशील ते बघू.” मी म्हणालो, मी तुमच्यासारखा नाही. ते हजेरीपट उघडून बसले.

सगळ्यात जास्त काय झोंबलं, ते सांगतो. लग्न ठरवलं हे नव्हे; आमच्याकडे कोणाचं लग्न त्याला विचारून ठरत होतं? झोंबली ती माझी भाषणं. स्वतःच्या अकलेवर शिकतो म्हणणारा मी मेसमध्ये तीन वर्षं बसून हुंडा जेवत होतो. दोन वेळा, वरून ताक. शपथेच्या वहीत पहिली सही करणारा, पोरांना सायकलीवरून फैलावर घेणारा मी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तशी माझी गत झाली होती, आणि उदार होताना बायजीला आयजी आहे हेही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पाटलांना तोंडावर ‘नाही’ म्हणून सांगायला निघालो. गोंदियाहून देवरीपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. पुढं जंगलातून पायी. वाटेत मी भाषण तयार केलं. युनियनमध्ये केली त्याहून चांगलं.

पाटलांनी माझ्या पायांवर पाणी घालून मला बाजेवर बसवलं. अंगणात एक मुलगी सुपानं नवं धान पाखडत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, पण उठून आत गेली नाही. मी भाषणाला सुरुवात केली. माझी फसवणूक झाली आहे, मला काही सांगितलं नव्हतं, मी घरजावई होणार नाही, पैसे नोकरी लागल्यावर फेडीन. पाटील ऐकत राहिले. मग आत जाऊन त्यांनी एक गाठोडं आणलं. माझी पत्रं होती ती, तीन वर्षांची, महिन्यांप्रमाणे लावलेली.

“तुमाले ठाऊक नोहता?” ते म्हणाले. “तुमचा मास्तर सांगे, पोरगा राजीखुशी हाये. आन् हे तुमच्या हातचे कागद. दर कागदात खाली लेवते, आपला आजन्म ऋणी. मले वाचता येत नाई, पन एवढा पाठ हाये.” ते बराच वेळ गाठोड्याची गाठ चाचपत राहिले. “म्हंजे त्यायनं आमाले बी फसवला.” मग उठले. “परीक्षेवरी पैशे येतीन. मी बोललो ते बोललो. फेडू गिडू नोका. थांबा, बंडी जुंपाले सांगतो, देवरीवरी सोडून देईन.”

ते गोठ्याकडे गेले. माझ्या मनातला चष्म्याचा, काळ्या टोपीचा अध्यक्ष तिथंच अंगणात मेला. मी उठू लागलो तर मुलीनं सूप खाली ठेवलं.

“तो एक कागद मी आबाले पुरा वाचून नाई दाखवली,” ती म्हणाली.

मला समजेना. मग समजलं. माझी पत्रं वाचून दाखवणारी हीच होती.

“कोणता कागद?”

“हुंड्याचा. सासऱ्याच्या पैशावर शिकनाऱ्यानं आरशात तोंड पाहू नये, असा तुमी लेवला होता. तेवढा मी सोडून देली. आबाले लागला असता.”

मी म्हणालो, “माझा फार मोठा विश्वासघात झाला आहे.” त्या अंगणात तो शब्द मलाच परका वाटला.

“तुमाले तीन वर्सानं मालूम झाला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मले पयल्या दिवसापासून मालूम हाये. मले बी कोनी विचारला नाई. तुमाले कॉलेज तरी भेटला.”

ती पुढं बोलत राहिली, सुपातले खडे निवडता निवडता.

“मी रेलगाडी पायली नाई. पन इंजिनाकडं पाठ करून बसावा लागते, नाई तं डोऱ्यात कोळसा जाते, हे मले मालूम हाये. जबलपूरले मातीच्या कुल्हडात चहा पेते आन् कुल्हड फोडून टाकते. अलाहाबादले दोन नद्यांचा पानी दोन रंगाचा दिसते. तुमाले ‘जेवाले’ म्हनून चिडवत, ते बी मालूम हाये. मी चौथी शिकली, मंग शाळा नाई. माजा एवढाच कॉलेज झाला.”

गोठ्यातून बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज आला. ती घाईनं म्हणाली, “लगन नोका करू. मी आबाले समजावीन. पैशाचा बी काई नाई. पन कागद धाडत जा. परीक्षेवरी तरी. कोठी गेले, का पायले, ते लेवत जा.”

“धाडीन,” मी म्हणालो.

“खरा?”

“अगदी खरं.”

मी नागपूरला परत आलो. वही युनियनच्या खोलीत टेबलावर पडली होती. मी सही खोडली नाही, कोणाला काही सांगितलंही नाही. निरोपसमारंभात प्राचार्यांनी माझ्या शपथेचा खास उल्लेख केला आणि मी हार घालून घेतला. नाच मात्र सुटला. ढोलकी सुरू झाली की शाहिराचा पुकारा ऐकू यायचा आणि मान फिरायची नाही.

महिनाअखेरीला मनिऑर्डर आली. या वेळी गुरुजींकडून नव्हे, थेट, देवरीच्या डाकखान्याच्या शिक्क्याची. कुपनवर पाठवणाऱ्याचं नाव-गाव गोल, जपून काढलेल्या अक्षरात होतं. मजकुराची जागा कोरी. मी लिहायला बसलो. माननीय अध्यक्ष लिहायची तीन वर्षांची सवय, ते लिहून खोडलं. तिला काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. आणि खरं सांगायचं तर रागही होता. माझं गुपित जिला माझ्याआधी ठाऊक होतं, माझी फुशारकी जिनं वाचली आणि लपवली, तिच्यापुढं मला लहान वाटायचं. कागद घडी करून ठेवला. उद्या लिहू म्हटलं. उद्या नाट्यमंडळाची मीटिंग होती.

पुढच्या महिन्याच्या कुपनवर लिहिलं होतं, ‘कागद आला नाही.’ त्याच्या पुढच्या महिन्यात, ‘परीक्षा कधी आहे?’ नंतरच्या कुपनांवर काही नव्हतं, पैसे मात्र पेपर संपेपर्यंत एका दिवसाचाही उशीर न होता येत राहिले. मी ते घेतले. फी भरली, मेस भरली, पास झालो. गुरुजींनी शिडी लावून माझ्या नावापुढं ‘बी. ए.’ रंगवलं. त्या वैशाखात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं, डोंगरापलीकडच्या कुठल्याशा गावात, जिथून रेल्वे आणखीच लांब.

बापानं मला फसवलं, गुरुजींनी फसवलं, हे मी आयुष्यभर ज्याला त्याला सांगत आलो, आणि ते खरंच आहे. पण त्यांनी जे केलं ते मला नागपूरला पोचवायला केलं. मी तिला जो शब्द दिला होता, त्याला एका महिन्याला दोन पानं आणि एक तिकीट लागलं असतं. मी एकही पत्र लिहिलं नाही.